आनंदीबाईंना विसावा नव्हता

आठवीत असताना मी डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावर निबंध लिहिला होता. सातासमुद्रापार गेल्या, पदवी मिळवली, स्त्रीजातीला आदर्श घालून दिला, असे सारे ठरलेले मुद्दे त्यात होते. बाईंनी वर्गात वाचूनही दाखवला. पण त्यात एक गोष्ट नव्हती, आणि ती नाही हे कुणाच्या लक्षातही आले नाही. ज्या कामासाठी त्या शिकल्या, ते त्यांना एक दिवसही करता आले नाही. गेल्या वर्षी आपल्या ग्रंथालयात त्यांच्यासंबंधी मिळेल ते वाचले, तेव्हा मला हे प्रथम कळले.

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव पोस्टात कारकून होते, बिजवर होते आणि वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचेच हा त्यांचा ध्यास होता. त्या काळी स्वयंपाकात लक्ष नाही म्हणून बायका मार खात. आनंदीबाईंनी अभ्यासात लक्ष नाही म्हणून खाल्ला. गोपाळरावांचे ऋण मोठेच आहे, तरी हे झाकून ठेवावे असे मला वाटत नाही. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी स्वतःच त्यांना लहानपणच्या त्या माराची आठवण करून दिली होती.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर होण्याचा निश्चय त्या दुःखातून उगवला असे म्हणतात.

गोपाळरावांनी मदतीसाठी लिहिलेले पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापले गेले. रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी ते दंतवैद्याकडे बसल्या असता सहज वाचले आणि पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८३ च्या फेब्रुवारीत सेरामपूरला भाषण करून त्यांनी जाहीर केले की आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट निघाली. मात्र कलकत्त्याला असतानाच त्यांना अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप आणि धाप हे सारे जडले होते. म्हणजे त्या निघाल्या त्याच थकलेल्या!

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. राहण्याची खोली थंडगार होती आणि शेगडी पेटवली की धूर कोंडे, म्हणून थंडी सोसायची की धूर, एवढीच निवड होती. जेवण शाकाहारी, तेही स्वतः रांधायचे. नऊवारीत पाय उघडे राहून गारठत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली, तर त्याचाही खुलासा पत्राने घरी द्यावा लागला. इतर मुली फक्त अभ्यास करीत होत्या. आनंदीबाई अभ्यास करीत होत्याच, शिवाय धर्म, देश आणि नवऱ्याचा शब्द हे तिन्ही अंगावर वागवीत होत्या. एखादी अमेरिकन मुलगी नापास झाली असती तर ती एकटी नापास झाली असती. यांच्याबरोबर हिंदुस्थानातल्या साऱ्या बायका नापास ठरल्या असत्या.

हे मला कळते, कारण मी घरातली पहिली कॉलेजात आलेली मुलगी आहे. मागच्या परीक्षेत अंगात ताप असताना मी पेपर लिहिले आणि घरी कळवले नाही. वडिलांनी गावात सगळ्यांना सांगून ठेवले होते ना! माझे ओझे ते केवढेसे. पण आनंदीबाई एकोणीस वर्षांच्या, म्हणजे माझ्याच वयाच्या असताना त्या थंड खोलीत काय करीत असतील, हे त्या तापात प्रथम डोळ्यांपुढे आले.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या त्या क्षयाने खंगूनच. कोल्हापूरच्या त्या जागेवर त्यांना कधी बसता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर उरला होता.

ठरलेल्या जागेवर कधीच बसता न आलेल्या डॉक्टरची थोरवी कशाने मोजायची? पदवीच्या कागदाने, असे मी आठवीत उत्तर दिले असते. आता मला त्या पत्रातल्या आनंदीबाई अधिक मोठ्या वाटतात. ज्यांच्यामुळे आपण शिकलो त्यांनाच, तुमचे ते वागणे मला लागले होते, असे त्यांनी कळवले. परीक्षेपेक्षा ते अवघड असावे.

त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सीच्या दफनभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत ती आहे.

सुट्टीत मी हे सगळे आईला सांगितले. तिला वाचता येत नाही. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, त्या पोरीला जरा पड म्हणणारे कुणी नव्हते का? कलकत्त्याला आजारी होत्या तेव्हा मावशीने अमेरिकेहून औषधे पाठवली होती, असे मी तिला सांगितले.