ठिपक्यांच्या ढगातला अणू

महाडला मी बँकेच्या नोकरीत तीन वर्षे काढली. संध्याकाळी कॅश जुळली की चवदार तळ्याच्या पायरीवर जाऊन बसायचे, हा नेम. निवृत्तीनंतर एकदा पुन्हा तिथे गेलो, तेव्हा बारावीतली नात बरोबर होती. पायरीवरच तिने रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले. आमच्या शाळेत अणू म्हणजे छोटी सूर्यमाला असे: मध्ये केंद्रक आणि भोवती इलेक्ट्रॉनची गोल कडी. तिच्या पुस्तकात कडी नव्हतीच. होता तो ठिपक्यांचा ढग, कुठे चेंडूसारखा, कुठे डंबेलसारखा. यातला इलेक्ट्रॉन कोणता, असे तिने विचारले आणि मी निरुत्तर झालो. घरी येऊन वाचत बसलो, तेव्हा त्या ठिपक्यांमागे मॅक्स बॉर्न हा माणूस भेटला.

बॉर्न यांचा जन्म ११ डिसेंबर १८८२ रोजी ब्रेस्लाऊ येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा जर्मनीत होते, आज पोलंडमध्ये आहे. वडील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक. आई गेली तेव्हा मॅक्स अगदी लहान होते. गणिताची ओढ त्यांना गॉटिंगेनला घेऊन गेली आणि १९२१ मध्ये ते तिथेच भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. हायझेनबर्ग हे त्यांचे तरुण सहायक.

१९२६ च्या प्रारंभी श्रॉडिंजर यांनी इलेक्ट्रॉनचे वर्णन करणारे लहरींचे समीकरण मांडले. पण ही लहर कशाची? इलेक्ट्रॉनच लोण्यासारखा पसरलेला असतो, असे श्रॉडिंजर यांना वाटे. बॉर्न यांना ते पटेना. त्यांनी सांगितले, की इलेक्ट्रॉन पसरत नाही. तो कुठे सापडण्याचा संभव किती, एवढेच ही लहर सांगते. गंमत म्हणजे त्या उन्हाळ्यातल्या लेखात त्यांनी आधी नुसती लहरीची उंची धरली होती. मुद्रिते तपासताना चूक ध्यानात आली आणि उंचीचा वर्ग घ्यायला हवा, अशी तळटीप त्यांनी जोडली. मी आयुष्यभर खतावणीतल्या चुका दुरुस्त केल्या; पण इतकी मोलाची दुरुस्ती माझ्या पाहण्यात नाही. आज पुस्तकातला प्रत्येक ढग त्या तळटीपेवर उभा आहे.

नातीला आज उत्तर द्यायचे तर मी तळ्यावरच्या खंड्याचे देईन. दर वेळी मान वर करून तो दिसेल तिथे कागदावर एक ठिपका काढायचा. महिनाभराने त्याच्या आवडत्या जागी ठिपक्यांची दाटी होईल, इतरत्र ते विरळ असतील. पक्षी एकच, ठिपके हजार. इलेक्ट्रॉनचा ढग तसाच. फरक एवढाच, की दोन ठिपक्यांच्या मधे खंड्या कुठून तरी उडत गेलेला असतो. इलेक्ट्रॉनला तशी आखीव वाटही नसते. हायड्रोजनच्या साध्या अणूत केंद्रकाशी ठिपके सर्वांत दाट असतात. पण तिथे जागाच थोडी, म्हणून इलेक्ट्रॉन सापडण्याचा सर्वाधिक संभव केंद्रकापासून सुमारे ०.५३ अँगस्ट्रॉम अंतरावर येतो. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. डंबेलच्या दोन गोळ्यांमधल्या पातळीवर मात्र तो सापडण्याचा संभव शून्य.

हे ढग लोकांना दिसावेत म्हणून अमेरिकेतील हार्वे व्हाइट यांनी १९३१ मध्ये फिरत्या यांत्रिक नमुन्यांची छायाचित्रे काढली. पुढे हे काम संगणकाकडे आले. आपल्या पुणे विद्यापीठातही श्रीधर गद्रे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रेणूंमधल्या इलेक्ट्रॉन-घनतेचा, डोंगरदऱ्यांचे नकाशे वाचावेत तसा, अभ्यास केला.

पण ढग पाहायला शिकवणाऱ्याच्या वाट्याला काय आले? १९३३ च्या एप्रिलमध्ये नाझी सरकारने ज्यू वंशाच्या सरकारी नोकरांना दूर करणारा कायदा केला आणि बॉर्न यांना पदावरून हटवले. त्याच वर्षी नोबेल समितीने हायझेनबर्ग आणि श्रॉडिंजर यांना गौरवले. बॉर्न यांचे नाव त्यात नव्हते. केंब्रिजला काही काळ काढून ते १९३५ च्या अखेरीस रामन यांच्या निमंत्रणावरून बंगलोरला आले. त्यांना तिथे कायम ठेवावे, असा रामन यांचा आग्रह. पण भर सभेत, बॉर्न समोर असताना, एका इंग्रज प्राध्यापकाने त्यांना दुय्यम दर्जाचे ठरवले. मायदेशाने हाकललेला माणूस आपल्याला नको, असा त्याचा सूर होता. जगाला अणू समजावणारा हा पन्नाशी ओलांडलेला विद्वान त्या दिवशी घरी येऊन पत्नीजवळ रडला.

१९३६ मध्ये त्यांना एडिंबरोला प्राध्यापकी मिळाली. १९५३ मध्ये निवृत्त होऊन ते जर्मनीला परतले आणि पुढच्याच वर्षी, त्या तळटीपेनंतर २८ वर्षांनी, नोबेल आले. अण्वस्त्रांविरुद्ध त्यांनी अखेरपर्यंत आवाज उठवला. ५ जानेवारी १९७० रोजी गॉटिंगेनमध्ये त्यांचे निधन झाले.

हे वाचताना मला पुन्हा चवदार तळे आठवले. बॉर्न यांचा लेख छापून वर्षही झाले नव्हते, तेव्हा २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तरी सत्याग्रहानंतर तळ्याचे शुद्धीकरण झाले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. दोन्ही लढ्यांचे स्वरूप वेगळे, हे मी जाणतो. पण जन्म पाहिला की माणूस कळला, ही खात्री दोन्हीकडे सारखीच. इवल्या इलेक्ट्रॉनबद्दलही छातीठोक सांगता येत नाही, असे विज्ञान म्हणत होते, त्याच काळातली ही गोष्ट!

२०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात हायड्रोजनच्या अणूतल्या ढगाची वलये पडद्यावर उमटली. एकेक इलेक्ट्रॉन येऊन आदळत गेला आणि ठिपक्याठिपक्याने चित्र तयार झाले. त्या प्रयोगात बर्लिनच्या एका संस्थेचे शास्त्रज्ञ होते. त्या संस्थेला नाव आहे मॅक्स बॉर्न यांचे.

नातीला हे सांगितले. ठिपके तिला पटकन समजले. एवढ्या माणसाला काढलेच कसे, हे मात्र ती अजून विचारते आहे. पुढच्या खेपेला तळ्यावर जाऊ, तेव्हा त्याच पायरीवर बसून बोलू, असे ठरले आहे.