गाव झाडून कीर्तनाला उभे राहणारे गाडगेबाबा

दिंडीला शंभर वर्षं झाली, या ग्रंथासाठी एका संताचं चरित्र लिहा असं मंडळींनी आम्हाला सांगितलं. आमचं शिक्षण चौथी. पण गाडगेबाबांना तर अक्षरओळखही नव्हती, तरी त्यांच्या कीर्तनाला हजारो माणूस बसायचं. म्हणून धीर करून लिहितो.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात शेणगावी परीट समाजात झाला. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. तिथं डेबूजींनी गुरं राखली, शेती केली. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. स्वतःच्या लेकीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटण न ठेवता गोड जेवण घातलं, तेव्हा भाऊबंद रुसले. पुढं १९०५ साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक गाडगं, एवढाच संसार.

आता कीर्तनाचं. बाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत. दिवसभर गल्ल्या, गटारं झाडायची आणि रात्री कीर्तन. आम्हाला वाटतं, तीच त्यांची तयारी होती. झाडणाऱ्याला गाव आतून दिसतं. कुठं दारू चालते, कुठं देवापुढं बकरं पडतं, कुणाची पोरं शाळेऐवजी ढोरामागं आहेत, सगळं कळतं. रात्री बोलणं त्यावरच व्हायचं, आणि तेही साध्या वऱ्हाडी बोलीत.

दुसरी गोष्ट, बाबा उपदेश सांगत बसत नसत, विचारत जात. समोरचा शेतकरी असला तर कर्ज किती, लग्नात किती उडवलं, कागदावर काय लिहिलंय ते वाचता येतं का, असं एकेक विचारायचं. उत्तर लोकांच्याच तोंडून यायचं. लोक आधी हसायचे, मग खाली मान घालायचे. मधूनच गोपाळाच्या नावाचा गजर, की मन पुन्हा जागेवर.

आमची चूक सांगतो. एका गावी गारपिटीनं कांदा झोपला होता. आम्ही काही न विचारता पाठ केलेलं कीर्तन लावलं, धनाचा मोह सोडा म्हणून. निम्मी माणसं उठून गेली. ज्याच्या घरात दाणा नाही त्याला आम्ही मोह सोडायला सांगत होतो! तेव्हापासून आधी गावात फिरतो, पारावर बसतो, मग अभंग धरतो.

कीर्तनात मिळालेल्या पैशातून बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, तशाच नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र उघड्यावर निजले. पाया कुणाला पडू दिलं नाही. शेवटचं कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालं. पुढं २० डिसेंबरला अमरावतीजवळ पेढी नदीकाठी बाबांनी देह ठेवला.

तरुण कीर्तनकारांना एवढीच विनंती. दिंडी मुक्कामाला पोचली की वीणा ठेवा, घटकाभर गाव झाडा आणि मग उभे राहा. गावाचं दुखणं माहीत असल्यावर कुठला अभंग घ्यावा हे आपोआप सुचतं.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.