गवयाला खुर्ची मिळवून देणारा माणूस

वर्षातून दोनदा गावोगावच्या शाळांतून एक ओळखीचे दृश्य दिसते. वर्गातली बाके भिंतीला सरकवलेली असतात, मध्ये सतरंजी, तीवर तंबोरा, पेटी आणि तबला. बाहेर व्हरांड्यात परकरातल्या मुलींपासून कॉलेजातल्या मुलांपर्यंत सगळे वही छातीशी धरून ताना घोकत असतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही परीक्षांची नावे आपल्या घरांत इतकी रुळली आहेत, की मुलीला गाण्याच्या क्लासला घालण्यात काही विशेष आहे असे कुणाला वाटत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र पांढरपेशा घरात ही गोष्ट बोलायचीही सोय नव्हती. गाणे ऐकायला सगळ्यांना आवडे, पण ते शिकणे म्हणजे वाया जाणे. हा समज बदलण्यासाठी ज्यांनी आपले सारे आयुष्य आणि बरीचशी कर्जेही खर्ची घातली, ते पंडित विष्णु दिगंबर पलुसकर.

१८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला त्यांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुसकर झाले. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. त्यामुळे अभंग, पदे, टाळ-मृदंगाची साथ हे सारे पोराच्या कानावर पडतच होते. त्याने इंग्रजी शिकावे, चार बुके वाचून नोकरीस लागावे, हीच तेव्हाच्या कुठल्याही घरची अपेक्षा. पण लहानपणीच नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू उडवताना तोंडावर स्फोट झाला. चेहरा भाजला, डोळे अधू झाले. पुस्तकी शिक्षणाची वाट तिथेच बंद झाली. डोळे नाहीत, पण गळा आहे, असा विचार करून मुलाला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हवाली करण्यात आले. मिरजेच्या संस्थानिकांनी आश्रय दिला.

बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे थोर गवई. त्यांनी ती विद्या वासुदेवबुवा जोश्यांकडून मिळवली होती आणि वासुदेवबुवांनी ग्वाल्हेरच्या हस्सूखाँकडून. मुसलमान उस्तादाची विद्या अशी मराठी ब्राह्मणाच्या गळ्यात उतरली, तीही एका राजदरबाराच्या छायेत. ती मिळवण्याची रीत एकच: गुरूच्या घरी राहायचे, पाणी भरायचे, पडेल ते काम करायचे आणि गुरूची मर्जी लागेल तेव्हा जे कानावर पडेल ते टिपून घ्यायचे. विष्णुबुवांनी या रीतीने अनेक वर्षे कसून मेहनत केली.

मग एक साधा प्रसंग घडला. मिरजेत एक सार्वजनिक सभा भरायची होती आणि गावातल्या प्रतिष्ठितांना निमंत्रणे गेली. राजाश्रयामुळे विष्णुबुवांनाही आले, पण त्यांच्या गुरूंना आले नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की गवयांना अशा सभेला बोलावण्याचा प्रघातच नाही. त्यांचे चरित्रकार सांगतात, की ही गोष्ट बुवांच्या जिव्हारी लागली. ज्या माणसाच्या पायाशी आपण विद्या घेतली, त्याच्यासाठी गावच्या सभेत एक खुर्ची नाही! १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. संस्थानचा आश्रय, ठरलेली बिदागी, सारे मागे राहिले.

सातारा, बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर अशी त्यांची भ्रमंती झाली. या प्रवासात त्यांना एक गोष्ट उमगली असावी. संस्थानिकांचे दिवस फिरले होते, दरबार ओसरत होते. वकील, डॉक्टर, व्यापारी, शिक्षक असा एक नवा वर्ग शहरांतून उभा राहत होता. गाण्याला यापुढे आसरा द्यायचा तर त्यानेच. पण या वर्गाला दरबारी मैफलीचे आणि कोठीवरच्या गाण्याचे वावडे होते. तेव्हा गाणेच त्याच्या दारी न्यायला हवे होते आणि तेही त्याला चालेल अशा पोषाखात. बुवांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. कार्यक्रम वेळेवर सुरू करायचा, श्रोत्यांनी शांत बसायचे, हा शिरस्ता घातला. शृंगारिक चिजांचे शब्द बदलून तिथे भक्तिपर शब्द घातले. कीर्तनकाराच्या मुलाला हे जमणे स्वाभाविकच होते.

५ मे १९०१ रोजी लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. कृष्णाकाठचा हा माणूस रावीकाठच्या परक्या शहरात, परक्या भाषेच्या लोकांत शाळा काढून बसला. सुरुवातीला म्हणे कुणी फिरकेना. तेव्हा बुवा ठरल्या वेळी वर्गात जाऊन तंबोरा जुळवीत आणि एकटेच रियाज करीत. हळूहळू विद्यार्थी आले. ठराविक अभ्यासक्रम, क्रमिक पुस्तके, स्वरलेखनाची स्वतःची पद्धत, परीक्षा आणि प्रमाणपत्रे, असा इंग्रजी शाळेचा सारा सरंजाम त्यांनी गाण्याला चढवला. मुलींसाठीही वर्ग निघाले. शिवाय उपदेशक वर्ग होता. त्यातली मुले बुवांकडेच राहत, जेवत, नऊ वर्षे शिकत आणि मग गावोगाव गाणे शिकवायला बाहेर पडत. म्हणजे गुरुकुल त्यांनी मोडले नाही; शाळेच्या पोटात ते जपून ठेवले.

१९०८ साली ते मुंबईस आले. शाळा भरभराटली, सँडहर्स्ट रोडवर मोठी इमारत उभी राहिली. इमारतीसाठी कर्ज झाले. बुवा मैफली करून हप्ते भागवीत. पण फी नाममात्र, उपदेशक वर्गाची मुले फुकट आणि हिशेबापेक्षा मनाचा मोठेपणा अधिक. पुढे त्यांचे चित्त रामनामात रमले, भगवी वस्त्रे अंगावर आली, मैफली कमी झाल्या. १९२४ साली कर्जापायी इमारतीचा लिलाव झाला. एका आयुष्याची कमाई डोळ्यांदेखत गेली. बुवा नाशिकच्या आश्रमात राहून रामधून गाऊ लागले.

काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गाण्याचा मान त्यांचा असे. १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी धर्मश्रद्धेच्या कारणाने गाण्यास हरकत घेतली. ही मशीद नव्हे, राष्ट्राची सभा आहे, असे सांगून बुवांनी गीत पुरे केले. हा प्रसंग त्यांच्या निर्भयतेचा दाखला म्हणून नेहमी सांगितला जातो आणि ते खरेही आहे. पण आज मागे वळून पाहताना आणखी एक गोष्ट दिसते. गाणे देवघरात नेल्यामुळे ते घराघरांत शिरले खरे. परंतु ज्या उस्तादांनी आणि ज्या कलावंतिणींनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्यांना या नव्या घरात जागा कमी उरली. प्रतिष्ठा गाण्याला मिळाली, त्या बायकांना मिळाली नाही. बुवांची थोरवी याने उणावत नाही, पण हा हिशेबही मांडायलाच हवा. हस्सूखाँचे नाव परंपरेच्या मुळाशीच आहे, हे विसरून कसे चालेल?

शाळेतून मोठे गवई निघतात का, हा आक्षेप तेव्हाही होता. तानसेन किती निघतील हे सांगता येत नाही, पण जाणते कान नक्की तयार होतील, असे बुवांचे म्हणणे असे. प्रत्यक्षात दोन्ही घडले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे सारे त्यांच्याच हाताखालचे. देवधरांच्या मुंबईच्या शाळेत पुढे कुमार गंधर्व घडले. नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात गेले आणि १९३० च्या दांडीयात्रेत भजने गात चालले.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत बुवांनी देह ठेवला. ज्या गावातून रागाने निघाले, तिथेच शेवट झाला. मागे राहिला दहा वर्षांचा मुलगा दत्तात्रेय. आधीची बरीच अपत्ये बालपणीच गेली होती. बापाच्या शिष्यांनी त्याला शिकवले आणि डी. व्ही. पलुसकर या नावाने तो रसिकांचा लाडका झाला. १९५५ साली, अवघ्या ३४ व्या वर्षी, तोही गेला.

त्याच १९३१ साली शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. मुंबईची इमारत गेली, १९४७ साली लाहोर शहरच परदेशात गेले, पण मंडळाच्या परीक्षा चालू राहिल्या. शाळेच्या व्हरांड्यात वही धरून उभी असलेली ती मुलगी आत जाते. परीक्षक तिला बसायला सांगतात, तंबोरा सुरू होतो. बाहेर तिची आई कान देऊन उभी असते. गाणारी मुलगी म्हणून तिला आज कुणी नावे ठेवणार नाही.