भोरड्यांचा हिशेब आणि सलीम अली

हुरड्याच्या दिवसांत अंबड-घनसावंगीकडे गेलं की शाळूच्या रानात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारी पोरं दिसतात. आभाळातून गुलाबी-काळा थवा वळत येतो, कणसांवर उतरतो आणि पोरांच्या हाळीसरशी उठून शेजारच्या रानात जाऊन बसतो. या भोरड्या. पुस्तकांत त्यांना पळसमैना म्हणतात. बँकेच्या नोकरीत पीककर्जांच्या निमित्ताने मी या भागात पुष्कळ हिंडलो. पावसाच्या खालोखाल कर्जदारांची तक्रार असे ती भोरड्यांची, आणि आमच्या कोणत्याही छापील अर्जात त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

या पक्ष्याची एक गंमत शेतकऱ्याला ठाऊक असते, पण तिचं कारण ठाऊक नसतं. हिवाळाभर आमची ज्वारी खाणारी भोरडी इथे एकही अंडं घालत नाही. पळस-पांगारा फुलून गेला की थवेच्या थवे मध्य आशियाच्या दिशेने निघून जातात. तिथल्या गवताळ माळांवर जिथे टोळ आणि नाकतोडे माजलेले असतील तिथे हजारोंनी घरटी होतात. टोळ नसतील त्या वर्षी ती जागा ओस. मोठ्या पक्ष्याचं पोट ज्वारीवर भरतं. पिल्लाला मात्र मऊ, रसदार किडा लागतो. तेव्हा आमचं नुकसान करणारा हा पाहुणा दुसऱ्या कुणाच्या तरी रानाचं राखण करतो. शिवाय इथे असतानाही तो नाकतोडे टिपतोच. जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू लिहून पक्ष्याकडे पाहायला ज्यांनी आपल्याला शिकवलं, त्यांत पहिलं नाव सलीम अलींचं.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६चा, मुंबईतल्या खेतवाडीतला. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. मामा शिकारी, घरात बंदुका, आणि भाच्याच्या हातात छऱ्यांची बंदूक. तिने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. मामांनी चिठ्ठी देऊन मुलाला अपोलो स्ट्रीटवरच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं आणि तिथल्या मिलर्ड साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. ही गोष्ट १९०८ची. ती शाळकरी मुलांनाही पाठ असते, म्हणून पुढे जातो.

ब्रह्मदेशात धंदा करून पाहिला, बसला नाही. १९१८मध्ये तहमीनाशी लग्न झालं. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चररची नोकरी मिळाली. १९२८मध्ये ते बर्लिनला एर्विन श्ट्रेसेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकायला गेले, आणि परतून पाहतात तो पैशाअभावी जागाच रद्द झालेली! तेहेतीस-चौतीस वर्षांचा गृहस्थ, बायको, आणि पगार नाही. आमच्या भाषेत ज्याला कुणी कर्ज देणार नाही असा माणूस. दोघं अलिबागजवळ किहीमला एका लहानशा घरात राहायला गेली.

घराजवळ सुगरणींची वसाहत होती. १९३०च्या पावसाळ्यात सलीम अली तिथे शिडी लावून, आडोसा करून तासन्‌तास बसले. बहिणाबाईंनी खोप्याचं श्रेय सुगरणीला दिलं असलं, तरी खोपा विणतो तो नर. अर्धा खोपा झाला की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला पसंत पडला तर ती आत बसते आणि मग नर उरलेलं काम पुरं करतो. ते होताच हा पठ्ठ्या दुसरा खोपा विणायला घेतो, दुसरीसाठी! हा बहुपत्नीकत्वाचा उलगडा किहीमच्या शिडीवर झाला आणि १९३१मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये छापला गेला.

सगळ्यांना खोपा आठवतो. मला अधिक मोलाची वाटते ती सुगरणीची शिदोरी. एरवी दाणे टिपणारा हा पक्षी पिल्लांसाठी चोचीत अळ्या आणि नाकतोडे आणतो. म्हणून त्याचा विणीचा हंगाम पावसाळ्यात, किडामुंगी उदंड असते तेव्हा. भोरडीचा हिशेब आणि हा हिशेब एकच. फक्त एकीला त्यासाठी मध्य आशिया गाठावा लागतो आणि दुसरीचं किहीममध्येच भागतं.

मग सलीम अलींनी एक विलक्षण सौदा केला. संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी आपण विनावेतन करू, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च मिळावा. १९३१-३२मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानाची पाहणी झाली ती याच बोलीवर. आपलं जालना तेव्हा त्याच संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होतं. तंबूत संसार, सोबत तहमीना. त्या काळच्या रीतीने पक्षी टिपून कातडी राखली जात. पण पक्ष्याच्या पोटात काय निघालं आणि विणीची तयारी होती का, याच्याही ते नोंदी करीत. माझ्या मते खरा ऐवज तो.

१९३९मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर तहमीना गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. १९४१मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं. १९४५मध्ये ते कच्छच्या रणात रोहित पक्ष्यांची वसाहत पाहायला गेले आणि चिखलाच्या बुटक्या घरट्यांची त्यांनी मोजदाद केली. ती लाखावर भरली. रोहित तिथे दरवर्षी वीण करीत नाही. रणात पाणी बेताचं साचलं, त्यात शेवाळ आणि बारीक जीव वाढले, तरच घरटी. पाऊस ओढ देईल त्या वर्षी अंडी नाहीत. आमच्या जिरायती शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

समुद्रावरच्या शिकारी पक्ष्यांनाही हाच नियम. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकांवर सुरय पक्षी अंडी घालतात, ते भोवतीच्या मासळीच्या भरवशावर. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर हा भरवसा १९८०च्या दशकात तुटला. सँडईल नावाचे लांबट बारीक मासे कमी झाले आणि सुरयांची पिल्लं उपाशी मेली. स्कुआ नावाचा तिथला दांडगा पक्षी इतर समुद्रपक्षी मारून आणि बोटींवरून फेकलेली मासळी खाऊन स्वतः जगला. पण खाणं शोधण्यात आईबापांचा वेळ जाऊ लागला, पिल्लं एकटी पडली आणि त्याचीही वीण घटली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर प्रकार आणखी वाईट होता. तिथे मासे होते, पण त्यांच्यात डीडीटी होतं. १९७०च्या आसपास पेलिकनच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली, की उबवायला बसल्यावर ती आईच्याच वजनाने फुटत.

आता भरतपूर. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, नेमकं सलीम अलींच्या वाढदिवशी, तिथे व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या शिकारीत ४२७३ पक्षी मारले गेले. पुढे त्या तळ्यांची शेतं करण्याची मागणी झाली, तेव्हा सलीम अली पंडित नेहरूंपर्यंत गेले आणि तळी वाचली. पावसानंतर उथळ पाण्यात मासे वाढतात आणि चित्रबलाक, पाणकावळे, बगळे बाभळींवर घरटी करतात. १९८१-८२च्या सुमारास तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८२मध्ये म्हशींची चराई बंद करण्यात आली. ही बंदी हवी असा आग्रह धरणाऱ्यांत सलीम अलीही होते. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला, त्यात माणसं गेली.

म्हशी बाहेर गेल्यावर पाण्यातलं गवत माजलं. उघडं पाणी आकसलं. मासे टिपणाऱ्या पक्ष्यांना चोच घालायला जागा राहीना. ज्या जनावरांना पक्ष्यांचे शत्रू समजलं होतं, ती उलट त्यांचं ताट मोकळं ठेवीत होती. हे सिद्ध केलं ते सलीम अलींच्याच सोसायटीने, दहा वर्षं चाललेल्या अभ्यासातून. अहवाल १९९१मध्ये आला. सलीम अली १९८७मध्येच, नव्वदी ओलांडून गेले होते. मोठ्या माणसाच्या हयातीनंतर त्याच्या घरच्यांनीच वही पुन्हा तपासावी आणि आकडा दुरुस्त करावा, याचं माझ्यातल्या जुन्या बँकवाल्याला फार कौतुक वाटतं. गोळीबारात गेलेल्यांच्या घरी मात्र ती दुरुस्ती पोहोचून काय उपयोग होता, हेही मनात येतं.

चराई पुन्हा सुरू झाली नाही. गावकऱ्यांना गवत कापून न्यायची परवानगी मिळाली, आणि विळे घेऊन बाया त्या पाण्यात उतरू लागल्या.