लिंकन आणि जमिनीचा कागद

अब्राहम लिंकन यांचे नाव उच्चारताच गुलामांची मुक्तता, यादवी युद्ध आणि गेटिसबर्गचे भाषण या तीन गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. ओंडक्यांच्या झोपडीत जन्मलेला मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला, ही कथा तर आपल्याकडील शाळकरी मुलांनाही परिचित आहे. परंतु ते कुटुंब एक झोपडी सोडून दुसरीकडे का हिंडत राहिले, याचा विचार क्वचितच केला जातो. त्याचे कारण केवळ दारिद्र्य नव्हते. जमिनीच्या सदोष कागदांनी त्या कुटुंबाला बेघर केले होते. लिंकन यांच्या चरित्रातील हा धागा सामान्य नागरिकाला सर्वाधिक जवळचा असूनही तो दुर्लक्षितच राहिला आहे.

ज्या केंटकी प्रांतात लिंकन यांचा जन्म झाला, तो १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचा भाग होता. व्हर्जिनियाच्या १७७९ च्या कायद्यानुसार तेथे जमीन देताना सरकार आधी मोजणी करीत नसे. ज्याच्या हाती हुकूमपत्र असेल त्याने स्वतःच जमीन निवडावी, स्वतःच मोजून घ्यावी आणि मग सरकारी पट्टा मिळवावा, अशी रीत होती. चतुःसीमा लिहिताना अमुक ओकचे झाड, तमुक ओढ्याचे वळण, एखादा खडक अशा खुणा दिल्या जात. झाड वठले किंवा ओढ्याने पात्र बदलले की हद्दही नाहीशी होई. परिणामी एकाच जमिनीवर अनेकांचे दावे, छपरावरील कौलांप्रमाणे, एकावर एक चढले. लिंकन यांच्या आजोबांचे नावही अब्राहमच होते. त्यांनी १७८० मध्ये केंटकीत चारशे एकरांची नोंद केली, तेव्हा कारकुनाने त्यांचे आडनाव लिंकहॉर्न असे लिहिले. जुन्या दप्तरात आपल्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्यास चुकलेल्या नावानेही शोध घ्यावा लागतो, हा धडा त्या एका नोंदीत आहे.

१७८६ मध्ये या आजोबांची हत्या झाली. तत्कालीन वारसा कायद्यानुसार सारी जमीन थोरल्या मुलाकडे गेली आणि धाकट्या टॉमसच्या वाट्याला मजुरी आली. पुढे काबाडकष्ट करून या टॉमसने १८०३ मध्ये मिल क्रीक येथे २३८ एकरांचे शेत विकत घेतले. परंतु मोजणीतील दोषामुळे १८१४ मध्ये ते दोनशे एकरांचे म्हणून, खरेदीपेक्षाही कमी किमतीला विकावे लागले. दुसरे शेत १८०८ च्या अखेरीस घेतले. तेथेच १२ फेब्रुवारी १८०९ रोजी अब्राहम लिंकन यांचा जन्म झाला. त्या शेताच्या मालकीवरूनही कज्जा उद्भवला. मग नॉब क्रीकच्या काठी कुटुंबाने आसरा घेतला, तर फिलाडेल्फियातील एका बड्या जमीनदाराच्या वारसांनी तेथील शेतकऱ्यांना हुसकावून लावण्यासाठी दावा लावला. हा दावा टॉमसने १८१८ मध्ये जिंकला. पण तोवर त्याने केंटकी सोडून दीड वर्ष उलटले होते. निकाल बाजूने लागूनही शेत हातचे गेले, असा अनुभव जगात कोठल्याही शेतकऱ्यास नवा वाटणार नाही.

१८१६ च्या डिसेंबरात लिंकन कुटुंब ओहायो नदी ओलांडून इंडियानात गेले. आपल्या वडिलांच्या या स्थलांतरास काही अंशी गुलामगिरी, परंतु मुख्यत्वे जमिनीच्या मालकीहक्कातील अडचणी कारणीभूत होत्या, असे लिंकन यांनी १८६० मध्ये लिहिलेल्या आत्मवृत्तात स्वच्छपणे नोंदविले आहे. इंडियानात निराळी व्यवस्था होती. १७८५ च्या केंद्रीय भूमी अध्यादेशानुसार तेथे विक्रीपूर्वीच मोजणी होत असे. सहा मैल लांब व सहा मैल रुंद असा एक चौरस, त्याचे ३६ विभाग, प्रत्येक विभाग ६४० एकरांचा आणि त्याचा चतुर्थांश १६० एकरांचा, अशी ती बुद्धिबळाच्या पटासारखी आखणी होती. प्रत्येक चौरसातील सोळाव्या क्रमांकाचा विभाग शाळेच्या खर्चासाठी राखून ठेवलेला असे. येथे झाड पडले तरी हद्द पडत नव्हती. टॉमसने १८१७ मध्ये व्हिन्सेन्सच्या भूमी कचेरीत १६० एकरांची नोंद केली. सारे पैसे फेडणे त्याला साधले नाही. तेव्हा निम्मी जमीन परत करून उरलेल्या ८० एकरांचा निर्वेध पट्टा त्याने मिळविला. केंटकीतील शेकडो एकरांपेक्षा हे ८० एकर खरे होते.

जमिनीच्या कागदाने पोळलेल्या घरातील हा मुलगा पुढे स्वतःच भूमापक झाला, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. इलिनॉयमधील न्यू सेलम या खेड्यात लिंकन यांचे दुकान बुडाले आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर उभा राहिला. १८३३ मध्ये सँगमन काउंटीचे भूमापक जॉन कॅल्हून यांनी त्यांना आपले साहाय्यक नेमले. लिंकन यांना या शास्त्राचे ज्ञान नव्हते. त्यांनी भूमापनावरील ग्रंथ मिळवून रात्रंदिवस अभ्यास केला आणि सहासष्ट फुटांची, शंभर कड्यांची साखळी हाती घेतली. पीटर्सबर्गसह अनेक नव्या गावांची आखणी त्यांनी केली. एका सावकाराने जुन्या कर्जापोटी त्यांचा घोडा व मोजणीची उपकरणे जप्त करून लिलावात काढली. तेव्हा जेम्स शॉर्ट या शेजाऱ्याने ती विकत घेऊन त्यांची त्यांना परत केली. या व्यवसायाचा संस्कार टिकाऊ ठरला. १८५९ मध्ये, राष्ट्रीय कीर्तीचा पुढारी झाल्यानंतरही, त्यांनी १८०५ च्या मोजणीविषयक कायद्याचा अर्थ उलगडणारे लेखी मत दिले आहे.

१८३६ मध्ये लिंकन यांना वकिलीची सनद मिळाली आणि मोजणीच्या साखळीनंतर मालकीची साखळी त्यांच्या हाती आली. अमेरिकेत जमिनीचे दप्तर सामान्यतः वॉशिंग्टनला किंवा राज्याच्या राजधानीत नसते. ते बहुतेक राज्यांत काउंटीच्या कचेरीत असते. आपल्याकडील जिल्ह्याशी किंवा तालुक्याशी या काउंटीची ढोबळ तुलना करता येईल. तेथील व्यवस्थेत सामान्यतः तीन निरनिराळी कामे असतात. दस्तनोंदणी अधिकारी खरेदीखते व गहाणखते यांच्या प्रती ठेवतो. आकारणी अधिकारी मालमत्तेचे मूल्य ठरवितो. करवसुली अधिकारी कोणी कर भरला व कोणाची थकबाकी आहे, याची यादी ठेवतो. ही तिन्ही दप्तरे एकमेकांना पूरक असली तरी एकाचे काम दुसरे करीत नाही. नोंदणी अधिकारी आलेला दस्त वहीत उतरवून घेतो. विकणाऱ्यास विकण्याचा हक्क होता की नाही, याची हमी तो देत नाही. म्हणून विकणारे व घेणारे यांच्या नावांच्या सूचींवरून एकेक खरेदीखत मागे मागे तपासत मूळ सरकारी पट्ट्यापर्यंत जावे लागते. मधली एखादी कडी तुटली असेल तर आजचा सुबक दस्तही पोकळ ठरतो. आपला सातबाराही मालकीचे केवळ गृहीतक देतो, अंतिम पुरावा देत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातील मर्म निराळे सांगावयास नको.

कराच्या प्रश्नाकडेही लिंकन यांनी याच डोळसपणाने पाहिले. १८३४ ते १८४२ या काळात ते इलिनॉयच्या विधिमंडळात होते. तोपर्यंत तेथे जमिनीचे ठोकळेबाज वर्ग पाडून कर घेतला जाई. त्यामुळे एकरी पन्नास-शंभर डॉलर किमतीच्या जमिनीला जो कर, तोच पाच डॉलरच्या जमिनीलाही पडत असे. १८३९ च्या महसूल कायद्याने प्रत्यक्ष मूल्यावर कर बसविला. लिंकन यांनी या कायद्याचा पुरस्कार करताना मुद्दा मांडला तो हा, की वाढीव भार बहुसंख्य गरिबांवर न पडता मूठभर धनिकांवर पडेल. मालमत्ता करातील न्यायाचे हे मूलतत्त्व आहे. आणि म्हणूनच आकारणीच्या वहीतील मूल्याचा रकाना हा नागरिकाने सर्वांत आधी तपासावयाचा रकाना होय. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने, मालकीचा दर्शनी दस्त असलेल्याने जमिनीचा ताबा ठेवून सद्‌भावाने सलग सात वर्षे कर भरला, तर त्याचा हक्क मान्य करण्याची तरतूद झाली. नुसती कराची पावती म्हणजे मालकी नव्हे. पण पावत्या जपून ठेवणाऱ्यास कायदा विसरत नाही.

लिंकन यांना संत ठरविण्याचे कारण नाही. इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या मालमत्तेवर काउंट्यांना कर बसविता येईल काय, हा वाद १८५३ मध्ये उभा राहिला. रेल्वेच्या सनदेने तिला स्थानिक करांतून सूट देऊन, त्याऐवजी उत्पन्नाचा ठराविक हिस्सा राज्याला देण्यास सांगितले होते. लिंकन यांनी प्रथम शँपेन काउंटीस कळविले, की आपल्या सेवेवर पहिला हक्क तिचा आहे. काउंटीकडून नेमणूक झाली नाही, तेव्हा त्यांनी रेल्वेचे वकीलपत्र घेतले आणि मॅक्लीन काउंटीविरुद्धचा खटला १८५६ मध्ये जिंकला. पुढे पाच हजार डॉलरच्या मेहनतान्यासाठी त्यांना त्याच रेल्वेवर दावा लावावा लागला आणि तोही त्यांनी जिंकला. काउंटीच्या तिजोरीस व पर्यायाने तेथील शाळा-रस्त्यांस मुकावे लागले, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

घरच्या व्यवहारात मात्र त्यांनी कागदाचा उपयोग दुबळ्याच्या रक्षणासाठी केला. १८४१ मध्ये त्यांनी वडिलांकडून चाळीस एकर जमीन दोनशे डॉलरला घेतली, पण आईवडिलांच्या हयातीपर्यंत वहिवाट त्यांचीच राहील, अशी अट दस्तात घातली. १८५१ मध्ये वडील वारले. सावत्र भावाने जमीन विकण्याचा घाट घातला, तेव्हा सावत्र आईचा आधार तुटेल म्हणून लिंकन यांनी ठाम नकार दिला. एका ओळीच्या अटीने एका वृद्धेचे छप्पर वाचले.

राष्ट्राध्यक्ष झाल्यावर २० मे १८६२ रोजी त्यांनी होमस्टेड कायद्यावर स्वाक्षरी केली. पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्यास १६० एकर, तेही सुमारे अठरा डॉलरच्या शुल्कात, मिळू लागले. या कायद्याखाली पुढे सुमारे सोळा लाख पट्टे दिले गेले. टॉमस लिंकनला जे जन्मभर दुर्मीळ झाले, ते त्याच्या मुलाने लक्षावधींना सुलभ केले, असे म्हणता येईल. परंतु या स्वच्छ वहीला एक काळी बाजू आहे. बुद्धिबळाचा तो पट कोऱ्या भूमीवर आखलेला नव्हता. मूळ रहिवाशांच्या भूमीवरील त्यांची नावे पुसून तो आखला गेला. स्वतः लिंकन यांना १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धातील चाकरीबद्दल आयोवात एकूण १६० एकर मिळाले होते. १८६२ मध्ये मिनेसोटात भूमी गमावलेल्या व कराराचे पैसे वेळेवर न मिळालेल्या डकोटा लोकांनी उठाव केला. त्यातील ३०३ जणांना फाशी सुनावली गेली. लिंकन यांनी खटल्यांची कागदपत्रे तपासून बहुसंख्यांची फाशी टाळली. तरीही ३८ जण फासावर गेले आणि पुढच्याच वर्षी डकोटांची राखीव भूमी काढून घेण्यात आली. जी नोंदवही एकाला आधार देते, ती दुसऱ्याला पुसूनही टाकू शकते.

तथापि याच दप्तराने एकदा उलटा न्यायही केला. केंटकीच्या करयाद्यांत जमीन आणि घोडे यांच्या रकान्यांशेजारी गुलामांचा रकाना असे. माणूस ही करपात्र मालमत्ता होती. यादवी युद्धात दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरील जमीनदार पळून गेले. त्यांनी केंद्राचा भूमिकर न भरल्याने त्यांच्या मालमत्ता लिलावात निघाल्या. त्यांतील काही जमीन कृष्णवर्णीय कुटुंबप्रमुखांना वीस एकरांपर्यंत देण्याचे निर्देश लिंकन यांनी सप्टेंबर १८६३ मध्ये दिले. पुढे त्याची अंमलबजावणी अपुरी राहिली, हे खरे. तरी रॉबर्ट स्मॉल्स या एकेकाळच्या गुलामाने ब्यूफर्ट येथील आपल्या मालकाचेच घर अशा करविक्रीत विकत घेतले. जुन्या मालकाच्या पक्षाने हक्क सांगितला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १८७८ सालच्या सत्रात स्मॉल्स यांची मालकी ग्राह्य धरली. जो यादीत मालमत्ता होता, तो त्याच यादीत मालक झाला.

हे पाहण्यास लिंकन उरले नव्हते. एप्रिल १८६५ मध्ये त्यांची हत्या झाली. आज अमेरिकेतील बहुतेक काउंट्यांचे दप्तर संगणकावर घरबसल्या पाहता येते. आपला सातबाराही तसाच पाहता येतो. पण पाहणे निराळे आणि वाचणे निराळे. नाव बरोबर आहे काय, क्षेत्र मोजणीशी जुळते काय, मागची कडी कोठे तुटली आहे काय, आकारणी शेजाऱ्याच्या मानाने न्याय्य आहे काय, हे प्रश्न नागरिकाने स्वतः विचारले पाहिजेत. टॉमस लिंकनला आपली स्वाक्षरी कशीबशी करता येई, आणि त्याला तीन वेळा बांध सोडावा लागला. त्याचा मुलगा वाचावयास शिकला, मोजावयास शिकला आणि मगच इतरांसाठी कायदा करू शकला. साक्षरतेचा प्रसार करणाऱ्या आपल्या शाळांनी या साक्षरतेत जमिनीचा कागद वाचण्याचाही समावेश केला, तर तो अभ्यासक्रमास भार होणार नाही.