ना. श्री. बेंद्रे : शैलीभेदांतील एकसूत्र

नारायण श्रीधर बेंद्रे यांची चित्रे एकत्र पाहणारा रसिक प्रथम गोंधळतो. उन्हातील निसर्गदृश्ये, घनवादी रचना, अमूर्त रंगप्रयोग आणि बिंदूबिंदूंनी विणलेली उत्तरकालीन चित्रे एकाच हातची आहेत, हे सहसा पटत नाही. या चित्रकाराला स्वतःची शैलीच नाही, असा आक्षेप त्यातून संभवतो. त्याचे उत्तर बेंद्रे यांच्या जीवनक्रमातच सापडते.

२१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूर येथे एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तेथील कलाशाळेत द. दा. देवळालीकर यांच्या हाताखाली त्यांची नजर घडली. उघड्यावर बसून बदलता प्रकाश टिपण्याची सवय त्यांना तेथेच जडली आणि काश्मीरमधील वास्तव्यात ती पक्की झाली. १९४७-४८ मध्ये त्यांनी अमेरिका व युरोपचा प्रवास केला. तेथील आधुनिक कला पाहिल्यावर दृश्याच्या हुबेहूबपणापेक्षा चित्राची अंतर्गत बांधणी त्यांना अधिक महत्त्वाची वाटू लागली. १९५५ साली ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविणारे ‘काटा’ हे चित्र याच शोधातील एक टप्पा होय.

१९५० मध्ये ते बडोदा विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत दाखल झाले. पुढे तिचे अधिष्ठाताही झाले. ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख, गुलाम रसूल संतोष हे त्यांचे विद्यार्थी. यांपैकी कोणाचेही चित्र दुसऱ्यासारखे नाही आणि गुरूसारखेही नाही. आपली रीत शिष्यांवर न लादता आकार, रंग आणि अवकाश यांचे परस्परसंबंध पारखण्याची दृष्टी बेंद्रे यांनी त्यांना दिली. एकाच शैलीचा अभिमान बाळगणाऱ्या शिक्षकाला हे साधणे कठीण होते.

१९६६ मध्ये अध्यापन सोडून ते मुंबईत पूर्णवेळ चित्रनिर्मितीकडे वळले. उत्तरायुष्यात त्यांनी बिंदुवादी पद्धत स्वीकारली, तीत ग्रामीण स्त्रिया आणि निसर्ग हे जुनेच विषय परतले. रंगाचे सुटे ठिपके दुरून एकवटतात आणि आकृती साकार होते. इंदूरच्या उन्हात गवसलेला प्रकाश येथे बडोद्यातील रचनाविचाराला येऊन मिळाला.

फेब्रुवारी १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. शैली हे त्यांच्या लेखी साधन होते, साध्य नव्हे. विषयाला अनुरूप घाट शोधण्याची निष्ठा हेच त्यांच्या चित्रांतील एकसूत्र. ती राखण्यासाठी हाती आलेले यशस्वी तंत्र सोडून देण्याचे धैर्य त्यांनी वारंवार दाखविले.