मदतीला धावणाऱ्या सावित्रीबाई

विद्यार्थी मित्रांनो, 'दखल' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत एखाद्याच्या कामात दखल देणे म्हणजे नको तिथे मध्ये पडणे. मराठीत मात्र 'दखल घेणे' याचा अर्थ एखाद्या गोष्टीकडे नीट लक्ष देणे, तिची नोंद घेणे असा होतो. नको तिथे मध्ये पडण्याला मराठीत 'ढवळाढवळ' किंवा 'लुडबूड' म्हणतात. शब्द एकच आहे. पण एका भाषेत तो दोष दाखवतो, तर दुसऱ्या भाषेत कर्तव्य.

आपल्यालाही पुष्कळदा असाच पेच पडतो. शेजारच्या घरातील एखाद्या हुशार मुलीची शाळा अचानक बंद होते. रस्त्यात चार जण मिळून एकाला मारत असतात. अशा वेळी आपण मध्ये पडावे की आपला काय संबंध असे म्हणून पुढे जावे? आणि मध्ये पडलो, तर ती मदत ठरेल की लुडबूड? सावित्रीबाई फुले यांच्यापुढे हा प्रश्न आयुष्यभर उभा राहिला. त्यांनी तो कसा सोडवला, हे आज आपण पाहू या.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव या गावी झाला. त्यांचे वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील होते. १८४० मध्ये त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. तेव्हा सावित्रीबाई नऊ वर्षांच्या होत्या आणि जोतीराव तेरा वर्षांचे. त्या काळात मुलींना शिकवत नसत. त्यामुळे सावित्रीबाईंना अक्षरओळखही नव्हती.

जोतीरावांचे शिक्षणही त्या वेळी थांबलेले होते. काही लोकांच्या सांगण्यावरून वडील गोविंदराव यांनी त्यांना शाळेतून काढून मळ्यातील कामाला लावले होते. हे पाहून गफार बेग मुन्शी यांना वाईट वाटले. मुन्शी हे उर्दू आणि फारसीचे शिक्षक होते. मुलगा बुद्धिमान आहे, तो शिकला पाहिजे, असे त्यांना वाटे. लिजिट नावाच्या इंग्रज गृहस्थांचेही तेच मत होते. दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत जाऊ लागले. मुन्शींनी कोणावर जबरदस्ती केली नाही. त्यांनी शिक्षणाचा फायदा पटवून दिला आणि निर्णय वडिलांना घेऊ दिला. पण ते गप्प राहिले असते, तर जोतीराव कदाचित मळ्यातच राहिले असते. मग सावित्रीबाईंना तरी कोणी शिकवले असते?

जोतीरावांनी पत्नीला घरीच लिहायला-वाचायला शिकवले. पुढे सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे रीतसर प्रशिक्षण घेतले. १८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या.

या गोष्टीने शहरात खळबळ उडाली. सावित्रीबाई शाळेत जायला निघाल्या, की काही लोक त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकत. म्हणून त्या एक जादा साडी बरोबर नेत आणि शाळेत पोहोचल्यावर साडी बदलून शिकवायला उभ्या राहत. ही बाई आमच्या चालीरीतींत ढवळाढवळ करते, असा त्या लोकांचा आरोप होता. पण मुलांनो, तुम्हीच विचार करा. सावित्रीबाईंनी कोणाच्या मुलीला ओढून आणले नव्हते. त्यांनी शाळेचे दार उघडले होते आणि आईवडिलांना विनंती केली होती. ज्यांना पटले, त्यांनी मुली पाठवल्या. उलट, रस्त्याने शांतपणे जाणाऱ्या बाईवर शेण फेकणारेच दुसऱ्याच्या जीवनात ढवळाढवळ करत होते.

लोकांच्या दडपणामुळे १८४९ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई यांना गोविंदरावांचे घर सोडावे लागले. त्या कठीण दिवसांत उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात आसरा दिला, असे फुले यांच्या चरित्रांत सांगितले जाते. फातिमा शेख या सावित्रीबाईंच्या कामातील सोबती होत्या. १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये सावित्रीबाई आजारी पडून नायगावला माहेरी गेल्या होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्या मागे फातिमाला कामाचा फार त्रास पडत असेल, याची काळजी त्या पत्रात आहे. पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वासही आहे.

त्याच पत्रात आणखी एक प्रसंग आहे. सावित्रीबाईंचा भाऊ त्यांना बोलला. महार-मांगांसाठी काम करून तुम्ही कुळाला बट्टा लावता. जातीच्या रीतीने वागा, असे त्याचे म्हणणे होते. सावित्रीबाई रागावून निघून गेल्या नाहीत. भाऊ जनावरांना जवळ करतो आणि माणसांना दूर ठेवतो, ही विसंगती त्यांनी त्याला दाखवून दिली. नात्यातील माणूस आपल्या मार्गात आडवा आला, तरी शांतपणे आपली बाजू मांडायची, ही त्यांची रीत होती.

आता १८६३ सालची हकिकत ऐका. त्या काळी उच्च मानल्या जाणाऱ्या जातींत मुलींची लग्ने फार लहानपणी होत. नवरा मेला, तर त्या मुलीला जन्मभर विधवा म्हणून राहावे लागे. १८५६ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला होता. पण रूढी बदलली नव्हती. अशा निराधार विधवेला एखादा पुरुष फसवत असे. मूल होणार असे कळले, की सारा दोष तिच्याच माथी येई. तो पुरुष मात्र मोकळा राही. पुण्यातील काशीबाई नावाच्या एका विधवेवर हीच वेळ आली. ती एका घरी स्वयंपाकाचे काम करत होती. बदनामीच्या भीतीने तिने आपल्या बाळाचा जीव घेतला. खटला चालून तिला जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

ही बातमी पुष्कळांनी ऐकली असेल. काहींनी तिला नावे ठेवली असतील, काहींना दया आली असेल. फुले दांपत्याने मात्र निराळा विचार केला. काशीबाईला वेळेवर एक सुरक्षित जागा मिळाली असती, तर बाळ वाचले असते आणि आईही वाचली असती. त्यांनी आपल्याच घरी अशा स्त्रियांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. शहरात जाहिराती लावल्या. कोणत्याही विधवेने येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे. मूल बरोबर न्यायचे की येथे ठेवायचे, हे तिच्या मर्जीवर राहील, असा त्यांचा आशय होता.

मुलांनो, या जाहिरातीतील मदतीची रीत नीट पाहा. तू कोणाची कोण, तुला कोणी फसवले, याची चौकशी तेथे होणार नव्हती. तिचे गुपित तिच्यापाशीच राहणार होते. बाळाविषयीचा निर्णयही तिचाच होता. जे समाजाने कधी केले नाही, ते येथे घडले. त्या स्त्रीच्या इच्छेला मान मिळाला. बाळंतपणे आणि आई-बाळांची काळजी ही सारी जबाबदारी सावित्रीबाईंनी उचलली. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा या घरात येऊन बाळंत झाल्या, अशी नोंद जोतीरावांनी केली आहे. १८७४ मध्ये अशाच एका विधवेला मुलगा झाला. फुले दांपत्याला मूल नव्हते. त्यांनी तो मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. पुढे तो डॉक्टर झाला.

या घरात मदत मागणारी स्त्री स्वतः चालत येत होती. पण कधी कधी विचार करायलाही वेळ नसतो. १८६८ च्या ऑगस्टमध्ये सावित्रीबाई नायगावला असताना असेच घडले. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण गावोगाव पंचांग सांगत फिरत असे. त्याचे आणि सारजा नावाच्या महार मुलीचे प्रेम जमले. तिला दिवस गेल्याचे कळताच गावातील लोक खवळले. दोघांना धरून मारत मारत गावातून फिरवले आणि आता त्यांना ठार मारायचे, असा बेत ठरला.

सावित्रीबाईंना हे कळताच त्या धावत तेथे पोहोचल्या. जमाव संतापलेला होता आणि त्या एकट्या होत्या. त्या मुला-मुलीचे वागणे बरोबर की चूक, या वादात त्या पडल्या नाहीत. जीव घेतलात, तर इंग्रज सरकारच्या कायद्याप्रमाणे काय परिणाम होतील, याची त्यांनी लोकांना स्पष्ट जाणीव करून दिली. लोकांचा हात थांबला. मग त्या दोघांनी गाव सोडून जावे, अशी अट पुढे आली. दोघांनी ती मान्य केली. सावित्रीबाईंनी त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिले आणि सारी हकिकत पत्राने कळवली.

गणेश आणि सारजा यांचे गाव सुटले, हे खरे. त्यांच्यावर अन्याय झाला, हेही खरे. गावाचे मन एका दिवसात बदलणे सावित्रीबाईंच्या हाती नव्हते. दोन जीव, आणि पोटातील तिसरा, वाचवणे हाती होते. ते त्यांनी आधी केले. शिवाय दोघांना नुसते सोडवून त्या घरी परतल्या नाहीत. पुढे ती दोघे कोठे जातील, याचीही सोय त्यांनी केली.

१८९० मध्ये जोतीरावांचे निधन झाले. त्यानंतरही सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाचे काम चालू ठेवले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ पसरली. माणसे घरे सोडून पळू लागली. रोग्याजवळ जायला नातेवाईकही भिऊ लागले. डॉक्टर यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना उघडला. सावित्रीबाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्या स्वतः रोग्यांना दवाखान्यात आणत आणि त्यांची शुश्रूषा करत. मुंढवा गावातील पांडुरंग गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे त्यांना कळले. त्यांनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. या सेवेतच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच मार्च महिन्यात सरकारने पुण्यात प्लेगविरुद्ध कडक मोहीम सुरू केली. रँड हे तिचे प्रमुख होते. गोरे शिपाई घराघरांत शिरत. स्वयंपाकघर असो, देवघर असो वा बायकांची खोली असो, ते कशाचीही पर्वा करत नसत. रोगी शोधून काढणे आणि त्यांना इस्पितळात हलवणे, हा हेतू चुकीचा नव्हता. साथ थांबवायची तर ते करावेच लागले असते. परंतु लोकांना विश्वासात न घेता, त्यांच्या इज्जतीचा विचार न करता ते केले गेले. त्यामुळे लोक रोगापेक्षा शिपायांनाच अधिक भिऊ लागले आणि रोगी लपवू लागले. संताप इतका वाढला, की जून महिन्यात रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. रोगी दवाखान्यात जावा, असे सावित्रीबाईंना वाटत होते आणि सरकारलाही वाटत होते. पण एकीकडे पाठीवर घेणारी आई होती आणि दुसरीकडे दार ढकलणारा शिपाई.

मित्रांनो, सावित्रीबाईंच्या आयुष्यातून आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. जेथे कोणाचा जीव धोक्यात होता, कोणाचा हक्क हिरावला जात होता, तेथे त्या मध्ये पडल्या. कोणाचे प्रेम कोणावर, कोणाचे गुपित काय, यात त्यांनी नाक खुपसले नाही. मदत करताना त्या समोरच्या माणसाची इच्छा विचारत. आणि त्या मदतीची किंमत त्यांनी स्वतः मोजली. कधी अंगावर शेण झेलून, कधी घर सोडून, तर शेवटी प्राण देऊन. दुसऱ्याला उपदेश करून स्वतः बाजूला उभे राहणे त्यांना जमले नाही.

३ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात बालिका दिन म्हणून साजरा होतो. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. पण त्यांचे खरे स्मरण तुमच्या गल्लीत, तुमच्या वर्गात होऊ शकते. एखाद्या मुलाला सगळे मिळून छळत असतील, तर हसणाऱ्यांत सामील होऊ नका. त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा आणि शिक्षकांना सांगा. एखाद्या मैत्रिणीची शाळा सुटत असेल, तर आधी तिला काय वाटते ते विचारा. मग घरातील मोठ्या माणसांना बरोबर घेऊन तिच्या वडिलांशी अदबीने बोला. कदाचित ते ऐकतील, कदाचित ऐकणार नाहीत. पण गोविंदरावांच्या दारात गफार बेग मुन्शी गेले होते, तेव्हा त्यांना तरी कोठे माहीत होते, की ते ऐकतील म्हणून?

स्वाध्याय

१. गफार बेग मुन्शी यांनी जोतीरावांच्या शिक्षणासाठी काय केले?
२. बालहत्या प्रतिबंधक गृहात येणाऱ्या स्त्रीच्या इच्छेला कसा मान दिला जात होता?
३. नायगावच्या जमावाला सावित्रीबाईंनी कसे थांबवले? नंतर त्यांनी कोणती काळजी घेतली?
४. 'मदत' आणि 'लुडबूड' यांतील फरक तुमच्या परिसरातील एक उदाहरण देऊन आठ-दहा ओळींत लिहा.